पंचाहत्तर बाट

आमचे वडील हैदराबादेहून सोलापूरला निघायचे झाले, की आदल्या दिवशी सराफाकडे जात. संस्थानचा हाली सिक्का हद्दीपलीकडे चालत नसे. सात हाली मोजावेत तेव्हा साधारण सहा कलदार हाती येत, आणि त्यातही सराफ आपला बट्टा कापून घेई. 1959 साली हाली चलनातून कायमचा गेला. वडिलांची शिकवण मात्र घरात राहिली. परमुलखात जायचे तर नाणे आधी बदलून घ्यावे, आणि भाडे ठरल्यावाचून गाडीच्या पायरीवर पाय ठेवू नये. हीच शिदोरी बांधून मी 2015च्या जूनमध्ये बँकॉकला गेलो.

हौसेचा प्रवास नव्हता. माझा भाचा तेथे नोकरीला होता. मोटारसायकलवरून पडून त्याचे मांडीचे हाड मोडले होते, आणि सोमवारी सकाळी दहाला शस्त्रक्रिया ठरली होती. बहिणीच्या पासपोर्टची मुदत संपलेली. ती इतकेच म्हणाली, "दादा, त्याला आत नेताना आपले कुणीतरी समोर दिसू दे."

मध्यरात्री निघालेले विमान तिथल्या घड्याळाने सहाला उतरले. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तिथले लोक त्याचा उच्चार 'सुवन्नफूम' असा करतात, त्यामुळे ओळखीचे माणूस वेष पालटून भेटावे तसे होते. आपल्या लोकांना त्या वेळी व्हिसा तेथेच, उतरल्यावर घ्यावा लागे. (2023च्या नोव्हेंबरात तो माफ झाला.) त्याची फी हजार बाट, आणि तीही बाटमध्येच रोख. माझ्या खिशात डॉलर. म्हणजे देशात शिरण्याआधीच त्या देशाचे नाणे हवे! अर्थातच रांगेला लागूनच नाणेबदलाची खिडकी होती, आणि तिला आमची निकड पुरती ठाऊक होती. भाव वाईट होता. तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या फाटकाजवळ तोच डॉलर बऱ्या भावाने बदलून मिळतो, आणि शंभराच्या नोटेला सुट्या डॉलरांपेक्षा अधिक भाव मिळतो, हे मला परतीच्या दिवशी कळले. तेव्हा मी मुकाट्याने दोनशे डॉलर सरकवले. हाती हजाराच्या नोटा आल्या. सुटे मागावेत हे सुचले नाही.

त्या रांगेत एक विलक्षण गोष्ट कळली. थाई भाषेत नोटेला 'थनबत' म्हणतात, म्हणजे आपले धनपत्र; आणि बँकेला 'थनाखान', म्हणजे धनागार. शब्द इतके घरचे वाटले, की बट्ट्याचे दुःख घटकाभर विसरलो.

रांगेतच एका जाणत्या सहप्रवाशाने उपदेश केला, "टॅक्सी मीटरवरच घ्या. मीटरखेरीज चिठ्ठीवरचे पन्नास द्या, वर एक पैसा नाही. वाटेत हात पुढे केला तर खुशाल मान हलवा." वडिलांचाच आवाज! मला तो पटला.

बाहेर पडेपर्यंत साडेसात झाले. तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी निघते. तिच्यावरच्या क्रमांकाच्या ओळीत आपली गाडी उभी असते. व्यवस्था चोख. सारथी पन्नाशीचा, आरशाला फुलांची माळ टांगलेली. मी थाई लिपीत लिहून घेतलेला इस्पितळाचा पत्ता दाखवला, त्याने मीटर पाडला, आकडा 35 वर लागला. मी निश्चिंत झालो.

थोडे पुढे गेल्यावर त्याने मागे पाहून विचारले, "टोलवे?" आणि वरच्या रस्त्याकडे बोट दाखवून हात पुढे केला. आधी पंचवीस, मग पन्नास, असे त्याने बोटांवर सांगितले. मी मान हलवली. त्याने घड्याळाकडे बोट नेले. मी आणखी जोरात मान हलवली. त्याने खांदे उडवले आणि गाडी खालच्या रस्त्याला घातली.

टोल उतारूने तिथल्या तिथे द्यायचा असतो, त्याचा मीटरशी संबंध नाही, हा तिथला साधा रिवाज. तो माणूस माझ्या हिताचे विचारीत होता. मी मात्र मनात त्याला लबाड ठरवून बसलो होतो, आणि आपण फसलो नाही याचे थोडे कौतुकही वाटत होते.

सुखुमवित रस्ता कचेऱ्यांच्या वेळी पाहावा. डोक्यावरून हवेतली आगगाडी सर्रकन जाते, खाली मोटारी खिळल्यासारख्या उभ्या. गाडी थांबली तरी मीटर थांबत नव्हता. मिनिटाला दोन बाट चढत होते. वाचवलेले पंचाहत्तर केव्हाच फिटले. नऊ वाजले, साडेनऊ झाले. शेवटी मीच वर बोट दाखवून नोट पुढे केली. तो हसला नाही. आता वर चढायला वाट नाही, एवढे त्याने हातवारे करून समजावले.

दहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. मीटर आणि पन्नास धरून 441 बाट झाले. मी हजाराची नोट दिली. त्याच्याजवळ सुटे नव्हते. नोट घेऊन तो पलीकडच्या फळवाल्याकडे गेला, आणि मी सामान घेऊन त्याच्याकडे डोळे लावून उभा! नाण्यांसकट 559 माझ्या तळहातावर मोजून त्याने हात जोडले. मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

भाच्याला वेळेवरच आत नेले होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. पाय आज धड आहे. जिना चढताना थोडा ओढतो. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, "मामा, कधी आलात?" मी म्हटले, "सकाळीच." बहिणीला फोन केला तेव्हा विमानाला उशीर झाला म्हणून सांगितले. विमान वेळेवर आले होते.