जुन्या मालमोटारीचा कायापालट

अमेरिकेतील हौशी कारागिरांनी ज्या जुन्या मालमोटारींवर विशेष जीव जडविला, त्यांत शेव्हरलेटची १९४७ साली निघालेली मालिका आणि फोर्डची १९५३ ची एफ-१०० यांचा मान मोठा. या गाड्यांचा कायापालट करण्यातील सर्वांत बिकट प्रकरण म्हणजे छत उतरविणे, म्हणजे ते खाली आणून केबिन बुटकी करणे. खांबांतील दोन-तीन इंचांचा तुकडा कापून काढला की काम फत्ते, असे नवख्यास वाटते. परंतु केबिनचे खांब वर जाताना आत झुकलेले असल्यामुळे खाली आणलेले छत त्यांवर बसतच नाही, आणि मग ते छतही चिरून, मध्ये पत्रा घालून, रुंद करावे लागते. वेल्डिंगही सलग न करता दूरदूरच्या ठिपक्यांनी करतात, अन्यथा पत्रा तापून वाकतो. अशा प्रसंगी छत तोलणारे दोन मित्र, मापे पाहणारा तिसरा व निष्कारण सल्ला देणारा चौथा, असा लवाजमा जमतोच. चौथ्याची नेमणूक कॉफीच्या बंदोबस्तावर करावी. छतानंतर पाळी इंजिनाची. शेव्हरलेटचे १९५५ चे आठ सिलिंडरांचे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन तर फोर्डच्या गाडीतही सर्रास बसवितात. मात्र शक्ती वाढली की जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात, म्हणून पुढील चाकांना डिस्क ब्रेक ओघानेच आले.