संप्रेरकांचा मेळ आणि वंध्यत्वावरील उपचार

मालाडहून लोकलने परळ गाठून वंध्यत्वावरील उपचार घेणाऱ्या स्त्रीला डॉक्टर दिवसाबरोबर तासही नेमून देतात. अमुक इंजेक्शन रात्री साडेदहालाच घ्यावयाचे आणि परवा सकाळी रुग्णालयात हजर राहावयाचे. एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचा उलगडा घरच्या मंडळींना बहुधा होत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी या कार्यातील दोन प्रमुख संप्रेरके रक्तात सोडते. एफ.एस.एच. हे बीजांडकोशातील पुटके वाढविते, तर एल.एच. हे पक्व पुटकातून बीजांड सुटण्यास कारण होते. वाढती पुटके इस्ट्रोजेन निर्माण करतात आणि ते वाढू लागताच ग्रंथी एफ.एस.एच. आवरते घेते. पाटाचे पाणी आटले म्हणजे खोल मुळांचे रोप तेवढे तगावे, तसे एकच जोमदार पुटक टिकते व बाकीची सुकतात. पुढे मात्र नवल घडते. इस्ट्रोजेनची उच्च पातळी सुमारे दोन दिवस टिकली, की ग्रंथीला आवरणारे हेच संप्रेरक एल.एच.ची लाट उसळविते. लाट सुरू झाल्यापासून साधारणपणे ३६ तासांनी बीजांड सुटते. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो व त्यातील प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे करते.

उपचारात एफ.एस.एच. बाहेरून दिले जाते. त्यामुळे अनेक पुटके एकदम वाढतात, पण इस्ट्रोजेनही कैक पटींनी वाढते आणि एल.एच.ची लाट अवेळी येऊन बीजांडे हातची जाण्याचा संभव असतो. म्हणून पीयूष ग्रंथीला गप्प ठेवणारे औषध जोडीने देतात. पुटके पक्व झाल्याचे सोनोग्राफीत दिसले, की एल.एच.चे काम करणारे एच.सी.जी. टोचतात आणि ३४ ते ३६ तासांनी बीजांडे सुईने काढून घेतात. रात्रीच्या त्या इंजेक्शनचे मर्म हेच. ग्रंथी दबलेली असल्याने पीतपिंड दुबळा राहतो. प्रोजेस्टेरॉनही मग बाहेरूनच पुरवावे लागते.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जन्मलेल्या पहिल्या परीक्षानलिका-बालिकेच्या वेळी निसर्गतः पिकलेल्या एकाच बीजांडावर भिस्त होती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन असा जन्म घडवून आणला. परंतु शासकीय समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली बालिका देशातील पहिली मानली गेली. पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे वाचून १९९७ साली आनंद कुमार यांनीच पहिलेपणाचा मान त्यांना दिला. असे मोठेपण विरळाच.

उपचारास निघण्यापूर्वी पतीची वीर्यतपासणी झालेली असणे आवश्यक आहे. दोष स्त्रीचाच, असे धरून तिलाच वर्षानुवर्षे औषधे दिल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमानुसार हे उपचार नोंदणीकृत केंद्रातच करता येतात. बीजांडकोश अतिउद्दीपित झाल्यास पोटात पाणी साठते. एच.सी.जी.नंतर पोट झपाट्याने फुगले, लघवी कमी झाली वा धाप लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.