भाकरीच्या मुलखात गव्हाचे वैर

छत्रपती संभाजीनगरच्या खाद्यकीर्तीचा विषय निघाला की पहिला मान नान-खलियाला, म्हणजे गव्हाची नान आणि मटणाचा रस्सा यांना, मिळतो. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा त्याच्या लष्करासाठी हा जिन्नस सिद्ध झाला, अशी आख्यायिका शहरात अभिमानाने सांगितली जाते. तिच्या सत्यासत्यतेचा निवाडा इतिहासकारांनी करावा. परंतु ज्वारी-बाजरीच्या या मुलखात गहू हे बहुसंख्यांच्या घरी सणावाराचे धान्य होते, रोज भाकरी आणि सणाला पुरणपोळी हाच दस्तुर होता, याविषयी वाद नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी परदेशी लाल मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या डब्यात आज पोळी, मधल्या वेळी बिस्किट आणि संध्याकाळी पाव असतो. या स्थित्यंतरात बहुतेकांचे काही बिघडले नाही; ज्या थोड्यांचे बिघडते, त्यांच्या व्याधीचे नाव सिलिअ‍ॅक.

कणीक मळताना जो चिवटपणा येतो तो ग्लुटेन नामक प्रथिनामुळे, आणि गव्हाबरोबरच जव व राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. त्यांचे पूर्ण पचन कोणाच्याच पोटात होत नाही. मात्र ज्यांच्या ठायी डीक्यू-२ अथवा डीक्यू-८ हे आनुवंशिक गुण असतात, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारयंत्रणा या अर्धपचित तुकड्यांना शत्रू समजते, आणि त्या भरात शरीराच्याच टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्धही प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे जे सूक्ष्म अंकुर असतात, आणि ज्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, ते या संघर्षात झिजून सपाट होतात. मग ताटात कितीही सकस अन्न वाढले तरी लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे शरीराच्या दप्तरी जमाच होत नाहीत.

लहान मुलांत जुलाब, फुगलेले पोट आणि खुंटलेली वाढ हे परिचित चित्र दिसते. प्रौढांत मात्र ही व्याधी बहुरूप्यासारखी वावरते: लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा पांडुरोग, ठिसूळ होत जाणारी हाडे, पुनःपुन्हा येणारे तोंड, वंध्यत्व, कोपरा-गुडघ्यांवर उठणारे खाजरे फोड, क्वचित चालताना जाणारा तोल, आणि पोटाची तक्रार एकही नाही, असेही घडते. बालपणी जडणारा मधुमेह व थायरॉइडचे काही विकार तिच्या सोबतीने आढळतात. ‘अशक्तपणा आहे’ एवढ्या निदानावर टॉनिकच्या बाटल्या रिचवणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हा तपशील अंमळ लांबवला.

लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन करून, इलाज झालाच तर तो आहारानेच होईल, असे भाकीत केले. परंतु कोणता आहार, हे उलगडण्यास अर्धे शतक लोटले. विलेम डिके या डच बालवैद्याला गव्हाचा संशय आधीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी मरू लागले, आणि त्या काळात ही आजारी मुले मात्र सुधारू लागली; पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० च्या आपल्या प्रबंधात डिके यांनी गव्हावरचा आरोप शाबीत केला.

भारतापुरते बोलायचे, तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी विलक्षण बोलकी आहे. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात वर उल्लेखिलेले आनुवंशिक गुण सारखेच, म्हणजे सुमारे एकतृतीयांश लोकांत आढळले. परंतु व्याधीचे प्रमाण उत्तरेत हजारी आठ-नऊ, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एक. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. ही पाहणी वाचताना उत्तर-दक्षिणेच्या सरहद्दीवरच्या आपल्या मराठवाड्याचे ताट कोणत्या बाजूस कलले आहे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

औषध अद्याप नाही. ग्लुटेनचा जन्मभर त्याग हाच उपचार, आणि तो केल्यास अंकुर काही महिन्यांत वा वर्षांत बहुतेकांच्या बाबतीत पुन्हा उगवतात. शाळूची भाकरी, बाजरी, तांदूळ, नाचणी ही सारी निर्धोक असल्यामुळे येथल्या रोग्याला परदेशी महागड्या पावाची गरज नाही. विचित्र वाटेल, पण भगर, राजगिरा आणि शिंगाडा यांवर भागणारी एकादशी हा त्याचा सर्वांत निश्चिंत दिवस. अडचण आहे ती गिरणीची. या शहराची पाणचक्की जगप्रसिद्ध असली तरी रोग्याचे भवितव्य गल्लीतल्या चक्कीवर ठरते, कारण गव्हाच्या दळणावर ज्वारी दळली की पीठ बाटलेच. भारतीय नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि जात्यात उरलेले पीठ ही मर्यादा सहज ओलांडते. सबब घरघंटी घेणे हा चैनीचा नव्हे, औषधोपचाराचा खर्च समजावा. परात-पोळपाटही निराळे हवेत. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे सुगरणींनाही ठाऊक नसते; आणि ‘जुना, देशी, म्हणून सोसेल’ या समजुतीने दिला जाणारा खपली गहू हाही शेवटी गहूच.

मात्र हे वाचून कोणी स्वतःच पोळी बंद करू नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोहोंवर निदान बहुधा ठरते, आणि गहू आधीच सोडल्यास दोन्ही साक्षी फितूर होतात. एकाचे निदान पक्के झाल्यावर आईवडील, भावंडे आणि मुले यांचेही रक्त तपासावे, मग त्यांना काही त्रास असो वा नसो. सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांच्यात ही व्याधी कितीतरी अधिक आढळते.