चंदीगडच्या धावपट्टीवर उतरलेलं शीतयुद्ध

 

मागच्या भागानंतर एका प्रेक्षकानं साधाच पण नेमका प्रश्न विचारला. "सर, हिटलरला अमेरिका आणि रशियानं मिळून हरवलं. मग दोन-तीन वर्षांत दोघं एकमेकांच्या जिवावर का उठले?" नेहमीचं उत्तर असं की एक साम्यवादी, दुसरा भांडवलशाही, पटणार कसं? पण १९४१ मध्येही ते तसेच होते, आणि तरी एका बाजूनं लढले. म्हणजे तेवढ्यानं भागत नाही.

आधी एक फौजी अनुभव सांगतो. नियंत्रण रेषेवर माझ्या कंपनीचा एक बंकर पावसात ढासळला. आम्ही तो पक्का केला. आमच्या लेखी ती डागडुजी होती. समोरच्यांनी ती दुर्बिणीतून पाहिली आणि आठवडाभरात त्यांचे दोन नवे मोर्चे उभे राहिले. ते पाहून आमच्याकडे वरून विचारणा झाली, समोर काय शिजतंय? मग आम्ही आणखी एक बांधला. त्या दिवसांत हल्ला कुणालाच करायचा नव्हता. पण समोरच्याची नियत वाईट असल्याचा पुरावा मात्र दोघांकडेही होता.

आता हीच गोष्ट युरोपच्या नकाशावर पाहा.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. जर्मन फौजा पोलंडच्या सपाट मैदानातून आल्या होत्या. त्याआधी नेपोलियनही त्याच बाजूनं आला होता. स्टालिनचं गणित सरळ होतं: पोलंड आपल्या मुठीत हवा. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला त्यानं पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचं मान्य केलं. प्रत्यक्षात विरोधकांना तुरुंगात टाकलं गेलं आणि जानेवारी १९४७ ची निवडणूक दडपशाहीत उरकली गेली. हा नुसता गैरसमज नव्हता, दिलेला शब्द मोडला होता.

अमेरिकेची भीती वेगळी होती. हिटलरला सुरुवातीला सवलती देत गेलो म्हणून तो माजला, हा १९३८ च्या म्युनिक कराराचा धडा ताजा होता. त्यामुळे रशियाचं प्रत्येक पाऊल वॉशिंग्टनला पुढच्या हिटलरचं वाटू लागलं. त्यात अमेरिकेकडे अणुबॉम्ब होता आणि रशियाकडे नव्हता. ज्याच्याकडे नसतो त्याला झोप लागत नाही.

या पोलंडचा आणि आमच्या चंदीगडचा एक संबंध आहे. फाळणीत लाहोर गेलं आणि भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. ली कॉर्बुझिएचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या आधी हे काम अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर यांच्याकडे होतं आणि त्यांच्यासोबत होते पोलिश वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी. युद्धात बेचिराख झालेल्या वॉर्सा शहराच्या उभारणीच्या कामात नोविकी होते. पुढे पोलंड सरकारच्या वतीनं ते अमेरिकेत आले. मायदेशी साम्यवाद्यांची पकड घट्ट झाली आणि ते परत गेलेच नाहीत. १९५० च्या उन्हाळ्यात ते भारतात येऊन चंदीगडचे आराखडे करत होते. परतीच्या प्रवासात ३१ ऑगस्ट १९५० ला कैरोजवळ विमान कोसळलं आणि ते गेले. त्यानंतर कॉर्बुझिए आले. स्वतःचं शहर मागे सोडलेला माणूस लाहोर गमावलेल्या लोकांसाठी शहर आखत होता. शीतयुद्ध म्हणजे फक्त क्षेपणास्त्रं नव्हेत, ते हेही आहे.

तिकडे युरोपात एकावर एक मोर्चे चढत होते. मार्च १९४६ मध्ये चर्चिलनी युरोपवर पडलेल्या पोलादी पडद्याची भाषा केली. मार्च १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमननी ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत जाहीर केली. त्याच वर्षी मार्शल योजना आली. अमेरिकेच्या मते ती उपाशी युरोपला मदत होती, स्टालिनच्या मते पैशानं टाकलेलं जाळं. त्यानं पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला ती घेऊ दिली नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग साम्यवाद्यांच्या हाती गेलं. जूनमध्ये रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या. अमेरिका आणि ब्रिटननं अकरा महिने विमानानं शहर जगवलं. पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या, त्यात सर्वांत जास्त माल होता कोळसा. एप्रिल १९४९ मध्ये नाटो झाली, ऑगस्टमध्ये रशियाचा अणुबॉम्ब, ऑक्टोबरमध्ये चीन लाल. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला उत्तर होतं आणि पुढच्याला निमित्त.

जून १९५० मध्ये कोरियात तोफा धडाडल्या. तीन वर्षांनी युद्ध थांबलं, पण एक पेच उरला: मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी. ते सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूर भागातले मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरिया सरकार भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईना, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. मधला माणूस दोघांनाही संशयित वाटतो. तटस्थतेची ही किंमत आपण तिथे मोजली.

मग हे भांडण आपल्या उंबऱ्यावर आलं. १९५४ मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानशी लष्करी करार केला. अमेरिकेच्या नकाशावर तो रशियाविरुद्धचा मोर्चा होता, आमच्या नकाशावर त्याचं तोंड आमच्याकडे होतं. १९६५ मध्ये तेच अमेरिकन पॅटन रणगाडे पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला आमच्यावर चालून आले. तिथे आपण त्यांचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

आता ऑक्टोबर १९६२. २० तारखेला चीननं हल्ला केला. चुशूल वाचवायला लडाखमध्ये रणगाडे हवे होते आणि तशा वेळेत रस्त्यानं ते पोचणं शक्य नव्हतं. मग चंदीगडच्या धावपट्टीवर २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांत चढवले गेले आणि चौदा हजार फुटांवरच्या चुशूलला उतरवले. रणगाडे मूळ फ्रेंच, विमानं सोव्हिएत, शत्रू चिनी साम्यवादी. आणि त्याच दिवसांत, २५ ऑक्टोबरला, मॉस्कोचं 'प्रवदा' चीनच्या बाजूनं लिहीत होतं! कारण? क्यूबात अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे होते. अशा वेळी ख्रुश्चेव्हना चीनला दुखवायचं नव्हतं. क्यूबाची हवा अशी लडाखपर्यंत लागली. नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी केनेडींना मदत मागितली आणि अमेरिकेची सी-१३० विमानं येऊन आपल्या जवानांना लेहला पोचवू लागली.

पुढे माझ्या नोकरीत हिवाळ्यात लेहला जाताना याच धावपट्टीवर पहाटे चारपासून थंडीत कुडकुडत बसलो आहे. एएन-३२ चा मागचा दरवाजा उघडला की जवान, भाजीची पोती, टपाल, सगळं एकत्र आत. तेव्हा मला हा इतिहास ठाऊक नव्हता. विमान रशियन आहे एवढंच कळत होतं. त्याचे सुटे भाग कुठून येतात, उद्या आले नाहीत तर काय, हा विचार शिवलाही नव्हता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा साऱ्या फौजेलाच तो करावा लागला.

१९६२ नंतर संरक्षण खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमानं अमेरिका आपल्याला द्यायला तयार नव्हती. त्याच वर्षी ते सोव्हिएत संघाला गेले आणि मिगच्या सहकार्याला बळ मिळालं. पहिली मिग-२१ १९६३ मध्ये इथे चंदीगडलाच आली होती, २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. पुढे नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. आम्हाला वाटलं आपण आपली सोय केली. अमेरिकेला वाटलं भारत रशियाकडे झुकला. पुन्हा तोच बंकर!

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ नं वायुसेनेचा निरोप घेतला, तोही चंदीगडलाच. बासष्ट वर्षांचा हिशोब इथे सुरू झाला आणि इथेच मिटला.

तर त्या प्रेक्षकाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. विचारसरणी वेगळी होती हे खरं, पण भांडण वाढवलं भीतीनं. मोडलेल्या शब्दांनी त्या भीतीला आधार दिला आणि मग प्रत्येकाचा बचाव समोरच्याला हल्ला दिसू लागला. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपण मोर्चा बांधतो तेव्हा तो समोरून कसा दिसतो, हे एकदा समोरच्याच्या दुर्बिणीतून पाहावं. बांधू नये असं मी म्हणत नाही, चुशूलला रणगाडे पोचलेच पाहिजे होते. आणि मदत घेताना देणाऱ्याचं आणखी कुणाशी काय चाललं आहे ते विचारून ठेवावं. कारण त्याची गरज बदलली की आपला मित्र त्याच दिवशी दुसऱ्याच्या बाजूनं लिहू शकतो.

पुढच्या भागात बर्लिनची भिंत. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.