जुनी मोटार खरेदी करण्यापूर्वीची तपासणी : मारुती ८०० च्या संदर्भात

१९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे आज ही मोटार जुनीच घ्यावी लागते. तिचे इंजिन थंड असतानाच तपासणे आवश्यक ठरते. कारण तापलेल्या इंजिनात अनेक दोष झाकले जातात. सुरू करताच निघणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवितो. इंजिन तापल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर हेड गॅस्केट निकामी झाल्याचे लक्षण असू शकतो. हे दोष खर्चिक असले तरी दुरुस्त करता येतात. परंतु या मोटारीस स्वतंत्र चासी नसून पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. तो गंजल्यास प्रवाशांची सुरक्षितताच धोक्यात येते. म्हणून इंजिनाइतकीच गाडीच्या तळाची तपासणीही महत्त्वाची होय.