मोबाईलवरचा अभ्यासगट आणि गप्प बसलेले मूल

राधानगरी तालुका डोंगराचा आणि धुवाधार पावसाचा. वाड्यावस्त्या दूर दूर पसरलेल्या. शाळा सुटल्यावर मुलांनी एकत्र बसून अभ्यास करणे इथे सोपे नसते. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळाच बंद झाल्या. तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू केला. धडे मोबाईलवर येऊ लागले. परंतु घरात मोबाईल एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला! कष्टकऱ्यांची मुले मागे पडली ती अशी.

आता शाळा सुरू आहेत, तरी मोबाईलवर मिळून अभ्यास करता येतो. मात्र पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्गात गप्प बसलेले मूल गुरुजींना दिसते. मोबाईलवर ते कुणालाच दिसत नाही. हुशार मुले बोलतात, बाकीची नुसती हजेरी लावतात.

यावर एक जुना उपाय आहे. 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात काळी, गोरी व मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली. त्यांचे आपसात पटेना. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी धड्याचे भाग पाडले. प्रत्येक मुलाने आपला एक भाग शिकायचा आणि गटाला शिकवायचा. एकमेकांचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. ज्याला कुणी विचारत नव्हते, त्याचेही बोलणे सर्वांना हवेसे झाले.

हीच रीत मोबाईलवर आणावी. गट चौघांचाच असावा. समजा, विषय राजर्षी शाहू महाराजांचा आहे. एकाने 1902 चे पन्नास टक्के आरक्षण घ्यावे, दुसऱ्याने 1917 चे मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण, तिसऱ्याने 1920 ची माणगाव परिषद आणि चौथ्याने आपले राधानगरी धरण. रेंज नसेल तर चित्राचा हट्ट नको. आपला भाग आवाजात भरून पाठवावा. ज्याच्या घरी मोबाईल रात्री येतो, त्याने तो रात्री ऐकावा. मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे.

मातापित्यांनो, रोज अर्धा तास मोबाईल मुलांच्या अभ्यासासाठी राखून ठेवा, आणि त्यात मुलीचा वाटा विसरू नका. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी एक प्रश्न रोज विचारा: "बाळ, आज तू कुणाला काय शिकवलंस?"