नळी आणि काडतूस : नेमबाजीतील एक जोडी

नेम चुकला की दोष माणसाला द्यायचा, ही आपली रीत आहे. एन. सी. सी.च्या गोळीबार सरावात एखादीच्या पाच गोळ्या निशाणावर विखुरल्या, की ती लगेच म्हणते, "मला नाही बाई जमत." आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच; आमच्यासारख्यांच्या तोंडी हे वाक्य वर्गातही असते. म्हणून अचूक नेमात माणसाचा वाटा किती आणि साधनाचा किती, हे मुळातून समजून घ्यावेसे वाटले.

आपल्या सरावाच्या पॉइंट टू-टू रायफलीचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफल रिकामे काडतूस आपणच बाहेर टाकते व नवे आत घेते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. अशा रायफलींच्या अचूकपणाचा कसून विचार अमेरिकेत झाला. ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले आहेत. तेथील सर्व्हिस रायफल स्पर्धेत २००, ३०० व ६०० यार्डांवर नेम धरतात. उदाहरण तिथलेच घेऊ.

नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा जोरात फिरतो तोवरच ताठ उभा राहतो, गोळीचेही तसेच. 'एकास आठ' नळी म्हणजे आठ इंचांत एक पूर्ण फेरा. तिच्यातून सेकंदाला २,७०० फूट वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ४,००० फेरे घेते!

गोळी जितकी लांब, तितका फिरण्याचा वेग अधिक लागतो. ५५ ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅम) आखूड गोळीला 'एकास बारा' नळी पुरते. ७७ ग्रेनच्या (सुमारे पाच ग्रॅम) लांब गोळीला 'एकास आठ' किंवा त्याहून जलद पेच हवा. नाहीतर ती वाटेत डगमगते आणि निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडते. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचा पेच आरंभी 'एकास चौदा' होता. कडक थंडीतील दाट हवेत गोळी स्थिर राहीना, म्हणून तो 'एकास बारा' केला गेला. पुढे १९८० च्या दशकात लांब गोळ्यांसाठी 'एकास सात' आला.

मग लांब गोळी कशाला? ती आपला वेग टिकवते आणि ६०० यार्डांवर वारा तिला कमी ढकलतो. परंतु अर्धस्वयंचलित रायफलीत काडतूस मॅगझिनमध्ये मावले पाहिजे. म्हणून २०० व ३०० यार्डांवरील जलद गोळीबारात ७७ ग्रेनपर्यंतची गोळी चालते. ६०० यार्डांवर सावकाश, एकेक काडतूस हाताने भरतात. तेथे ८० ग्रेनची, मॅगझिनमध्ये न मावणारी काडतुसेही वापरतात.

नळी जाड असली तर हळू तापते. पुढच्या हाताचा व पट्ट्याचा ताण तिच्यावर येऊ नये, म्हणून ती हातधरणीला न टेकता मोकळी ठेवतात. सुरक्षिततेची बाब वेगळीच : पॉइंट टू-टू-थ्री रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसे दिसायला सारखी असली, तरी दुसरे अधिक दाबाचे असते. म्हणून नळीवर कोरलेले नाव वाचल्यावाचून काडतूस भरू नये.

एवढे जुळवूनही खात्री कागदावरच होते. एकाच लॉटची दहा काडतुसे वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून झाडावीत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ऑलिंपिक नेमबाजही आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो हे तपासून घेतात. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते! राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते याच अंतरावर.

या परीक्षेतून दोष कोणाचा हे उमगते. भोके एकत्र पण मध्यापासून दूर, तर साइट सरकवावी. पिशव्यांवरही विखुरली, तर नळी व काडतुसाची जोडी तपासावी. पिशव्यांवर एकत्र आणि हातात विखुरली, तर मात्र सराव आपला आपणच वाढवावा. मोजकीच काडतुसे वाट्याला येणाऱ्यांना हा हिशेब फार उपयोगी आहे.